वडिलांना धाकटं करणारा प्रोग्राम

माझ्या वडिलांचा जन्म शेजारच्या काकांच्या तीन आठवडे आधी झाला. एवढ्याशा भांडवलावर त्यांनी आयुष्यभर जी दादागिरी केली ती पाहिली की वाटतं, दोन-चार वर्षांनी मोठे असते तर काकांचं काही खरं नव्हतं.

काका म्हणजे सख्खे नव्हेत. दोघं तरुणपणी महाराष्ट्रातून दिल्लीला आले आणि केंद्र सरकारच्या एकाच कचेरीत एकाच दिवशी रुजू झाले. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांत वरिष्ठ कोण, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडणार नाही, पण सरकारला पडतो. वयाने मोठा तो वरिष्ठ, असा नियम निघाला. दोघांचं जन्मसाल एकच, चव्वेचाळीस. वडील ऑगस्टचे, काका सप्टेंबरचे. त्यामुळे बढती आधी वडिलांना मिळाली, सरोजिनी नगरातलं मोठं क्वार्टरही आधी वडिलांना मिळालं, आणि दोन्ही वेळा मागे उरलेली खुर्ची आणि मागे उरलेलं छोटं क्वार्टर काकांच्या वाट्याला आलं. आमच्या मोरीतला गळका नळसुद्धा त्यांना आमच्याकडूनच मिळाला. काका वडिलांना 'दादा' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले ते तेव्हापासून. वडील त्यांना 'अरे' म्हणतात.

ऑटोत कडेची जागा वडिलांची, मधली काकांची. काका आमच्याकडे पाहुणे म्हणून आले तरी चहाचा पहिला कप वडिलांचा. संक्रांतीला काका वाकून नमस्कार करून तिळगूळ घ्यायचे आणि वडील असा काही आशीर्वाद द्यायचे की पाहणाऱ्याला वाटावं, या दोघांत निदान तीस वर्षांचं अंतर आहे. निवृत्त झाल्यावर दोघांनी नोएडात एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. वडील पाचव्या मजल्यावर, काका चौथ्या. आई म्हणते, बिल्डरनेसुद्धा सेवाज्येष्ठता पाहूनच चाव्या वाटल्या.

मी वडिलांची एकुलती एक मुलगी, आणि चिडकी. नोएडातच विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत मी C या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहिते. ऑफिसातल्या नव्या पोरांना वाटतं, C लिहिणारी बाई अजून पाटा-वरवंट्यावर चटणी वाटत असणार. वाटो बापड्यांना. त्यांची चटणी मीटरमध्ये मावत नाही.

आमचं दिल्लीतलं मराठी मंडळ दर जानेवारीत बसने पानिपतला जातं. तिथे तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, पुष्पचक्र वाहायचं असतं, आणि ते मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने वाहायचं, अशी रीत आहे. बरीच वर्षं हा मान हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला राहणाऱ्या एका काटकुळ्या आजोबांकडे होता. त्यांच्या आधी एक आजी होत्या. आजोबा पावसाळ्यात गेले, आणि मंडळात कुजबूज सुरू झाली की आता कोण. वडिलांना अजिबात कुजबुजायची गरज वाटली नाही. त्यांनी दिवाळीनंतर लगेच बंद गळ्याचा कोट ड्रायक्लीनला टाकला.

मंडळाच्या कार्यवाह बाई मात्र पद्धतशीर. त्यांचा मला फोन आला. म्हणाल्या, "तू कंप्यूटरमधली ना? एक छोटंसं करून दे. सगळ्यांच्या जन्मतारखा घे आणि वयाप्रमाणे लावून दे. बायकांची वयं दिसता कामा नयेत हं, फक्त क्रम." मी हो म्हटलं. छोटंसंच तर काम होतं.

बाईंनी ग्रुपवर तारखा मागवल्या आणि तारखांचा पूर आला. कुणी देवनागरीत २०-८-४४ लिहिलं, कुणी साल आधी लिहिलं, कुणी आधार कार्डाचा फोटो पाठवला आणि फोटोत नेमका अंगठा तारखेवर. एका गृहस्थांनी लिहिलं, "माझी आणि हिची तारीख एकच, साल वेगळं," आणि पुढे दोन्हीपैकी काहीच दिलं नाही. एका मावशींनी कळवलं की त्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या आहेत.

आता C मध्ये तारीख अशी काही वस्तूच नसते. समोर येते ती नुसती अक्षरांची माळ. त्यातून दिवस, महिना, साल आपणच सोलून काढायचे, त्यांचे आकडे करायचे, आणि मग एकोणीसशे सत्तरच्या एक जानेवारीपासून किती दिवस, असा एकच पूर्णांक बनवायचा. सत्तरच्या आधी जन्मलेल्यांचा पूर्णांक उणे येतो. जितका जास्त उणे तितका माणूस मोठा. बाबा उणे नऊ हजारांच्या घरात आहेत, असं मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "ते मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं."

हा पूर पाहून माझं डोकं फिरलं. मी ग्रुपवर खरमरीत लिहिलं: दोन आकडे दिवस, दोन आकडे महिना, चार आकडे साल, मधे तिरकी रेघ. आठ नाही, शून्य आठ. आळस नको. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना एकेक करून फोन केले. वडिलांनी 20/8/1944 लिहिलं होतं. ते मी समोर बसून 20/08/1944 करून घेतलं.

"आठला आठच म्हणतात," वडील म्हणाले. "शून्य आठ कोण म्हणतं?"

"बाबा, एक शिस्त असते."

त्यावर त्यांनी शून्य घातलं. शिस्त म्हटलं की ते ऐकतात, जन्मभर ते स्वतः लोकांना तेच सांगत आले.

प्रोग्राम मी एका दुपारी लिहून टाकला. आकडे सोलणारा तुकडा ऑफिसच्या एका जुन्या कामातून उचलला, तो गेली कित्येक वर्षं मीटरमध्ये निमूट चालला आहे. तपासायला माझा मार्चमधला वाढदिवस घातला, आईचा नोव्हेंबरमधला घातला, दोन्ही बरोबर आले. यादी बाईंना पाठवून दिली आणि चहा टाकला. चहाला उकळी येईपर्यंत बाईंनी ती ग्रुपवर लावली होती. वर मथळा दिला होता, 'ज्येष्ठता यादी'. क्रमांक एकवर काका होते. क्रमांक दोनवर वडील.

वडिलांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, फोन लांब धरला, जवळ धरला. "सप्टेंबर ऑगस्टच्या आधी कधीपासून यायला लागला?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बघते. तेवढ्यात दाराची बेल वाजली. काका लिफ्टची वाट न पाहता जिन्याने धापा टाकत वर आले होते. ते आत आले आणि थेट वडिलांच्या खुर्चीत बसले. ही खुर्ची त्यांनी इतकी वर्षं फक्त पाहिली होती.

"वहिनी, चहा झालाय वाटतं," काका म्हणाले. आईने ट्रे आणला आणि काकांनी पहिला कप उचलला. आईला हसू आवरेना, ती तोंडावर पदर धरून आत पळाली.

"अरे, तू सप्टेंबरचा आहेस!" वडील ओरडले.

"बिल्कुल आहे, दादा. मी कुठे नाही म्हणतोय? पण यादी निघालीय."

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळणार नाही. आमच्या मंडळाची समिती म्हणजे कुठल्या ना कुठल्या मंत्रालयातून निवृत्त झालेली माणसं. त्यांच्या जगात ज्येष्ठता यादी एकदा निघाली की निघाली. ती चुकीची असली तरी चालते, पण काढून टाकता येत नाही. तिच्यावर लेखी हरकत घ्यावी लागते, हरकतीत चूक कशामुळे झाली ते लिहावं लागतं, आणि ती आठ दिवसांच्या आत पोचावी लागते. ऑगस्ट सप्टेंबरच्या आधी येतो, हे समितीतल्या प्रत्येकाला मान्य होतं. "चूक आहे हे उघड आहे," एक माजी अवर सचिव मला फोनवर म्हणाले. "पण कारण काय, ते नोंदवायला नको? बिनाकारण कसं दुरुस्त करणार?" आणि हा आठ दिवसांचा नियम मंडळाच्या घटनेत घातला कोणी, तर वडिलांनी. अध्यक्ष असताना. तेव्हा त्यांना त्याचा फार अभिमान वाटला होता.

माझ्यावर मग दोन मजल्यांचं दडपण आलं. पाचव्या मजल्यावर वडील दर तासाला विचारत, सापडली का. चौथ्या मजल्यावरून काका येऊन, कसं चाललंय, असं सहज विचारून जात. त्यांनी सरोजिनी नगरच्या बाजारातून घासाघीस करून गडद निळं जाकीट आणलं होतं. बाह्या जरा लांब होत्या. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असताना ते आरशात जाकीट नीट करत म्हणाले, "बेटा, एक बात सांगू? साठ वर्षं मी तुझ्या बाबांची पाठ बघतोय. ऑफिसात, रांगेत, ऑटोतून उतरताना. एकदा समोर काय असतं ते बघू दे. फिर चाहे लिस्ट फाड दो." मला ते ऐकून फार वाईट वाटलं. आणि चूक शोधायचा माझा वेगही जरा मंदावला, हे खरं आहे.

तरी रविवारी दुपारी ती सापडलीच. मी दोघांच्या तारखा प्रोग्रामला वाचून परत छापायला लावल्या. वडील छापले गेले वीस डिसेंबर त्रेचाळीस. काका छापले गेले बारा डिसेंबर त्रेचाळीस. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन पाहिलं, तरी दोघं डिसेंबरातच होते.

त्याचं असं झालं. मीटरच्या कामात आकडे वेगवेगळ्या मोजणीतले येतात, म्हणून माझा तो जुना तुकडा आकड्याचं तोंड पाहून मोजणी स्वतःच ओळखतो. आकडा शून्याने सुरू झाला की C त्याला आठाच्या मोजणीतला समजतो. त्या मोजणीत शून्य ते सात एवढेच आकडे आहेत, आठ आणि नऊ नाहीतच. शून्य एकपासून शून्य सातपर्यंत काही बिघडत नाही. शून्य आठ दिसलं की तो शून्य वाचतो, आठाला ओळख दाखवत नाही आणि शून्य घेऊन परत येतो. म्हणजे ऑगस्ट हा शून्यावा महिना. सप्टेंबरही शून्यावा. शून्यावा महिना कुठला, असं C विचारत नाही, जानेवारीच्या मागचा म्हणून आदल्या सालचा डिसेंबर देऊन मोकळा होतो. ऑगस्ट-सप्टेंबरची सगळी माणसं अशी एका डिसेंबरात कोंबली गेली, आणि तिथे बारा तारीख वीस तारखेच्या आधी येते. वडिलांनी हट्टाने नुसता आठ लिहिला होता तो राहू दिला असता, तर काहीच झालं नसतं.

मी हे घरात सांगितलं. आई बोटं मोजत बसली. मग म्हणाली, "थांब, सप्टेंबरचा माणूस आदल्या डिसेंबरात? म्हणजे बरोबर नऊ महिने आधी?"

"हो."

"अगं, मग तू काकांचा जन्म कुठे काढलास? त्याच्या आधीचा कार्यक्रम काढलास!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. वडिलांना यातलं काही विनोदी वाटलं नाही. त्यांनी हिशेब केला तेव्हा स्वतःच्या वाट्याला आठच महिने आले. "मी पूर्ण दिवसांचा होतो," ते गंभीरपणे म्हणाले आणि हरकतीच्या तयारीला लागले.

हरकत त्यांनी उभं राहून सांगितली आणि मी लिहिली. 'सविनय सादर करण्यात येते की' पासून सुरुवात झाली. चूक कशी झाली ते मी दोन ओळींत लिहिलं होतं, त्याची त्यांनी दीड पानं केली. त्यांना तीन प्रती हव्या होत्या, सहीला काळी शाई हवी होती, आणि काळं पेन घरात नव्हतं. पेन आणायला जाईपर्यंत दुकान बंद झालं. हरकत दुसऱ्या दिवशी गेली, आणि तो नववा दिवस निघाला.

समिती बसली. काका स्वतः समितीवर होते, पण विषय त्यांचाच म्हणून ते नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेले आणि दाराला कान लावून उभे राहिले. हरकत समितीने ग्राह्य मानली. कारण समाधानकारक आहे असा शेरा दिला. मुदत उलटल्यामुळे अंमल पुढल्या वर्षीपासून, असा निर्णय झाला. वडील म्हणाले, हा कसला मूर्ख नियम आहे. माजी अवर सचिवांनी घटनेची प्रत उघडून त्याखालची त्यांची सही दाखवली.

पानिपतला निघालो त्या सकाळी धुकं असं होतं की ड्रायव्हर खिडकीतून मान काढून रस्ता शोधत होता. वडील बसमध्ये मुद्दाम सगळ्यात मागे जाऊन बसले. काका पुढे, एकटे, खिडकीशी. वाटेत काकांनी तिळगुळाचा डबा काढला आणि एकेकाला लाडू देत मागे आले. लोक वाकून नमस्कार करत होते. काका वडिलांपाशी पोचले, डबा पुढे धरला आणि पाय थोडे पुढे सरकवून थांबले. आख्खी बस मागे वळून बघत होती.

"माझे गुडघे दुखतात," वडील म्हणाले आणि लाडू उचलून तोंडात टाकला.

"काही हरकत नाही," काका म्हणाले आणि तरीही आशीर्वाद देऊन टाकला. त्यानंतर काला अंबपर्यंत वडील खिडकीची काच पुसत बसले. मला मनातून गंमत वाटत होती. इतकी वर्षं ज्यांनी सगळ्यांना क्रम शिकवला, त्यांना एकदा दोन नंबरवर बसावं लागलं, तर आकाश कोसळत नव्हतं.

काला अंबला उतरलो तेव्हा धुक्यात स्मारक अर्धंच दिसत होतं. गवत ओलं होतं. बूट काढून सगळे ओळीत उभे राहिले. अध्यक्ष दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "आता आपल्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद पुष्पचक्र अर्पण करतील." काका पुढे झाले. जाकिटाच्या लांब बाह्यांतून त्यांची फक्त बोटं दिसत होती. त्यांनी पुष्पचक्र हातात घेतलं, थोडं चालले आणि थांबले. आम्हाला वाटलं, फोटोसाठी थांबलेत. मी फोन घेऊन जवळ गेले.

फोटोसाठी नव्हते थांबले. ते समोरच्या धुक्याकडे बघत होते.

"दादा," त्यांनी मागे न बघता हाक मारली. "मागच्या वर्षी इथे आजोबा होते ना?"

"होते," मागून वडील म्हणाले.

"त्याच्या आधी त्या आजी."

"हो. त्याचं काय?"

"दादा, माझ्या पुढे कोणीच नाहीये." काकांचा आवाज एकदम लहान झाला. "मला भीती वाटतेय हो."

ही रांग कुठे जाते, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरलं. मी इतके दिवस चहाचे कप आणि ऑटोतल्या जागा मोजत बसले होते. मी घाबरले, आणि काकांसाठी नाही, वडिलांसाठी. ते दोन नंबरवर होते. त्यांच्या पुढे एक माणूस उभा होता. मला त्या क्षणी ती चूक जगातल्या कुठल्याही बरोबर प्रोग्रामपेक्षा प्रिय वाटली.

वडील ओळीतून बाहेर आले. मफलर गळ्याभोवती घट्ट केला आणि काकांच्या बाजूने पुढे जाऊन त्यांच्या समोर उभे राहिले, पाठ करून.

"पुष्पचक्र तूच धर," ते म्हणाले. "तूच वाहा. मी फक्त पुढे चालतो. माझ्या मागून ये, आणि बघून पाय टाक, निसरडं आहे."

काकांनी मोठा श्वास सोडला. वडील चालू लागले, रिकाम्या हातांनी, ड्रायक्लीन केलेल्या कोटात. काका त्यांच्या पाठीकडे बघत मागून निघाले.

"बाबा!" मी ओरडले. सगळं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं. "यादी बरोबर आहे, बाबा! तुम्ही दोन नंबरला आहात. मागे या!"

वडिलांनी मान वळवली नाही. हात मागे करून मला गप्प राहायची खूण केली आणि धुक्यात पुढे चालत राहिले.